सर्व्हर डाऊन नव्हता

थोडं मोठं लिहितोय. चहा घेऊन बसा, पण वाचा. वाचून माझ्यावर चिडायचं असेल तर खुशाल चिडा, कारण या प्रकरणात एक चूक माझीही आहे.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या भागातल्या एका पतसंस्थेच्या शाखेत मोठी रक्कम निघेनाशी झाली. संस्थेचं नाव लिहीत नाही. संस्था धडधाकट आहे, आणि नाव लिहिलं की उद्या सकाळी पुन्हा रांग लागेल. ज्यांना माहीत आहे त्यांनी कमेंटमध्येही लिहू नका, ही विनंती.

व्हायचं असं. दोन हजार, पाच हजार काढायला गेलं की पैसे लगेच मिळायचे. पण रक्कम मोठी असली की कॅशियरला खातेदाराचा फोटो आणि सहीचा नमुना पडद्यावर आणून ताडून बघावा लागतो. तो फोटो उघडायला गेलं की पडदा गोठायचा. चक्र फिरत राहायचं. दोन मिनिटांनी ‘कनेक्शन तुटले’. मग कॅशियर म्हणायचा, "सर्व्हर डाऊन आहे मावशी, उद्या या."

आता हेच काउंटरच्या अलीकडून बघा. लहान रकमा देतायत, मोठ्या देत नाहीत. महाराष्ट्रात चाळिशी ओलांडलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. पतसंस्था बुडायच्या आधी असंच होतं, हे आपण पाहिलंय, काहींनी भोगलंय. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. त्यामुळे भीती वेडी नव्हती. बाजाराच्या दिवशी शाखेबाहेर रांग लागली. मुदत संपायच्या आत ठेवी मोडायचे अर्ज यायला लागले. एका बाईंनी मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची फी भरायची म्हणून ठेव मोडायला टाकली होती, त्या सलग चार दिवस आल्या.

आणि मी काय केलं? मी रांगेचा फोटो काढला आणि चार कॉलम बातमी लावली, ‘सर्व्हर डाऊन, ठेवीदार हैराण’. मॅनेजरने सांगितलं ते छापलं. सर्व्हर कुठे आहे, तो डाऊन आहे म्हणजे नेमकं काय, डाऊन असेल तर दोन हजार कसे निघतायत, यातला एकही प्रश्न मी विचारला नाही. वीस वर्षं बातमीदारी करतोय. पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्याच आठवड्यात शिकवतात की ‘का’ विचारा. दुसऱ्या दिवशी रांग दुप्पट झाली. त्या दुपटीत माझा वाटा किती, हा हिशेब मी मांडलेला नाही.

तीन आठवडे हे चाललं. जिल्ह्याच्या ठिकाणाहून पेटी विकणारे लोक आले. पेटी म्हणजे शाखेला मुख्य कार्यालयाशी जोडणारं ते उपकरण, ज्यातून व्हीपीएन चालतं. त्यांनी पेटी बदलली, बिल लावलं. पडदा गोठतच राहिला. मग केबल बदलली, त्याचंही बिल. मग म्हणाले लाइन खराब आहे. लाइनवाल्याने मोबाइलवर स्पीड काढून दाखवला, तो चांगला होता. मुख्य कार्यालय म्हणालं आमचा सर्व्हर चालू आहे, बाकीच्या शाखा चालतायत. प्रत्येक जण खरं बोलत होता आणि पैसे मात्र निघत नव्हते.

सुटलं ते एका पोरामुळे. एसटी स्टँडजवळ मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे त्याचं. नाव त्यानेच लिहू नका म्हणून सांगितलंय. त्याच्या आईची ठेव अडकली होती म्हणून तो शाखेत गेला. कॅशियरला म्हणाला, "काका, ज्या खात्याला फोटो जोडलेला नाही असं एखादं उघडून बघा ना." उघडलं. "आता फोटोवालं उघडा." गोठलं. पुन्हा बिनफोटोचं, उघडलं. पोरगा म्हणाला, "सर्व्हर चालू आहे. मोठं पाकीट अडकतंय."

दहा मिनिटं लागली त्याला. आपल्याला तीन आठवडे.

हे ‘मोठं पाकीट’ काय प्रकरण आहे ते मी त्याच्याकडून तीन वेळा समजून घेतलं, तेव्हा जरा सांगू द्या. इंटरनेटवरून माहिती एकगठ्ठा जात नाही, तुकड्यांनी जाते. एका तुकड्याचं माप साधारण १५०० बाइटपर्यंत. आपल्याकडे फायबरची जोडणी बऱ्याचदा ज्या पद्धतीने देतात तिच्यात आठ बाइट तिच्याच कामाला जातात, उरतात १४९२. आता व्हीपीएन काय करतं, तर तुमचं पाकीट कुलूपबंद करून दुसऱ्या पाकिटात घालतं आणि वर नवा पत्ता लिहितं. म्हणजे ते आणखी मोठं होतं. रेल्वेच्या पुलाखालचा आपला रस्ता आठवा. टेम्पो जातो. उसाची ट्रॉली वरपर्यंत भरलेली असली की अडकते. खात्यातली शिल्लक म्हणजे टेम्पो, फोटो आणि सही म्हणजे ट्रॉली.

एरवी पुलाखाली अडकणाऱ्या पाकिटाबद्दल मागे निरोप जातो, ‘माल कमी भरा’. पाठवणारा मग लहान तुकडे करतो. पण सुरक्षेच्या नावाखाली पुष्कळ ठिकाणी हे निरोपच बंद करून ठेवलेले असतात. पाटी काढून टाकायची आणि ट्रॉली अडकली की ड्रायव्हरला शिव्या द्यायच्या, तसलं. निरोप मिळत नाही, पाठवणारा तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, आणि काउंटरवर चक्र फिरत राहतं. उपाय जुना आणि माहितीतला आहे. बोलणं सुरू होतानाच दोन्ही टोकांना सांगायचं की एवढ्या मापाचेच तुकडे पाठवा. ते माप पेटीतल्या सॉफ्टवेअरने बरोबर काढायला हवं. ते चुकीचं काढत होतं. शाखेची लाइन नुकतीच जुन्या पद्धतीवरून फायबरवर गेली होती, म्हणून तोवर झाकलेली चूक उघडी पडली.

मला चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. त्या पेटीत चालत होतं ते मुक्त सॉफ्टवेअर. म्हणजे कुणीही फुकट घ्यावं, आतली कारागिरी वाचावी, सुधारावी असं. त्यावर विकणाऱ्याने आपलं नाव आणि रंग चढवला होता, इतकंच. आणि मापाची ती चूक मूळ सॉफ्टवेअरमध्ये सापडून, दुरुस्त होऊन, नव्या आवृत्तीत जाहीर झाली होती. जगात कुठेतरी बसलेल्या कुणीतरी आपल्या शाखेचं दुखणं आधीच बरं करून, औषध फुकट ठेवून दिलं होतं. आपल्याकडच्या पेटीत चार वर्षांपूर्वीची आवृत्ती होती. बदललेल्या नव्या पेटीतही तीच. दोन पेट्यांचे पैसे सभासदांच्या खिशातून गेले, आणि फुकटचं औषध आणून लावायचं कुणाला सुचलं नाही. आवृत्ती बदला म्हटल्यावर विकणारे साहेब म्हणाले, "वॉरंटी जाईल."

अध्यक्षांना मानलं पाहिजे. त्यांनी वॉरंटी जाऊ दिली. पोराने आवृत्ती बदलली, त्याच दुपारी फोटो उघडायला लागले. नर्सिंगवाल्या मुलीची फी शेवटच्या दिवशी भरली गेली.

इथे संपलं असतं तर ही पोस्ट लिहिली नसती. आठवड्याने वीज गेली, फायबर बंद पडलं, पेटी आपोआप सिमकार्डावर गेली आणि फोटो पुन्हा गोठले. मोबाइलच्या जाळ्यात आता नव्या पद्धतीचे लांब पत्ते चालतात, आयपीव्ही सिक्स म्हणतात ते. जुन्या पद्धतीत प्रत्येक पाकिटावरचा पत्त्याचा भाग किमान २० बाइटचा, नव्यात ४०. सॉफ्टवेअर सुरू होताना माप एकदाच काढायचं, आणि मध्येच फायबरवरून सिमवर गेलं तरी जुनंच माप धरून बसायचं. वीस बाइटचा फरक. एवढ्या पोस्टमध्ये वीस बाइट म्हणजे धड एक शब्दही नाही, पण त्याने अख्खी शाखा बसली.

ही चूक मात्र कुणी दुरुस्त केलेली नव्हती. तात्पुरतं माप खाली आणून त्याने काम चालवलं, मग दुकानात दोन भंगारातले कॉम्प्युटर आणि एक मोबाइल जोडून तोच बिघाड मुद्दाम घडवून आणला. संस्थेच्या खात्यांना हात न लावता, हे मुद्दाम सांगतो. शटर अर्धं खाली ओढून पाच रात्री बसला. चूक सापडली, दुरुस्ती लिहिली, मूळ सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना पाठवली. त्यांनी लगेच शाबासकी दिली असं समजू नका. आधी म्हणाले, पाकिटांची नोंद दाखवा. मग म्हणाले, ही दुरुस्ती जुन्या लाइनवर काही बिघडवत नाही ना, याची चाचणी लिहा. मग म्हणाले, इथे हे नाव बरोबर नाही, बदला. तीन वेळा परत पाठवलं. आपल्याकडे नगरपालिकेच्या गटाराचं कामसुद्धा इतकं तपासून घेत नाहीत. शेवटी घेतली. नऊ ओळी.

मी विचारलं, "किती मिळाले?"

"काही नाही दादा."

"मग केलंस कशाला?"

"आईची एफडी."

हे गावात कळल्यावर दोन प्रतिक्रिया आल्या आणि माझं भांडण त्या दोन्हींशी आहे.

पहिली, ‘फुकटचं सॉफ्टवेअर, दुसरं काय होणार’. अहो, फुकटचं घेतलंच कुठे? बिल भरून घेतलं. पैसे ज्याने घेतले त्याने काही केलं नाही, आणि ज्यांनी केलं त्यांनी पैसे घेतले नाहीत. आणि झाकलेलं सॉफ्टवेअर असतं तर पोराने आत डोकावून काय बघितलं असतं? झाकण?

मुक्त सॉफ्टवेअर चुकत नाही असं मी म्हणत नाही. ओपनव्हीपीएनचं उदाहरण घ्या. जेम्स योनन नावाच्या माणसाने मध्य आशियात फिरताना, परक्या लाइनींवरून काम करावं लागतं म्हणून ते लिहायला घेतलं, २००१ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. २०१७ मध्ये नामांकित तज्ज्ञांकडून त्याच्या दोन वेगवेगळ्या तपासण्या झाल्या. त्यानंतर त्याच जूनमध्ये गिडो व्रांकेन नावाच्या संशोधकाने वेगळी युक्ती केली. वाचत बसण्याऐवजी त्या सॉफ्टवेअरवर वेडीवाकडी पाकिटं मशीनने मारत राहिला. दोन्ही तपासण्यांतून सुटलेल्या चार चुका सापडल्या. त्यातली एक तर याच ठिकाणी होती, आयपीव्ही सिक्सच्या पाकिटांचं माप बसवणाऱ्या भागात. ठरावीक परिस्थितीत एक बिघडलेलं पाकीट पाठवून समोरचा सर्व्हर बंद पाडता येत होता. त्याच महिन्यात दुरुस्त आवृत्ती आली, काय चुकलं होतं ते जगजाहीर केलं गेलं. आपल्या शाखेत काय चुकलं होतं ते पेटी विकणाऱ्याने आजतागायत कागदावर दिलेलं नाही.

दुसरी प्रतिक्रिया जास्त वाईट. ‘व्हीपीएन? म्हणजे ते दोन नंबरचं ना?’ एका ओळखीच्या माणसाने पोराला चेष्टेत का होईना विचारलं की पोलिसांना कळवू का. दोष पूर्ण लोकांचा नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या सर्ट-इनने आदेश काढला, की व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपून ठेवायचे. काही परदेशी कंपन्यांनी त्यावरून भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. बातम्या अशा आल्या की व्हीपीएन म्हणजे तोंड लपवायचं साधन. कंपन्या आपल्या आतल्या कामासाठी वापरतात त्या व्हीपीएनला हा नियम लागू नाही, हा खुलासा सरकारनेच केला होता, तो कुणी मोठ्या अक्षरात छापला नाही. आम्हीही नाही. तुमच्या ठेवीची माहिती उघड्या रस्त्याने जाऊ नये म्हणून हा बोगदा असतो. तिजोरीला कुलूप लावणाऱ्याला कुणी चोर म्हणतं का?

आणि जे म्हणतात की ही पोरं हौसेने करतात, करू देत, पैशाचं कशाला काढता, त्यांच्यासाठी २०२४ चा मार्च. एक्सझेड नावाचं, फायली दाबून लहान करणारं एक साधन आहे, जगभरच्या सर्व्हरांवर असतं. फिनलंडमधला एक माणूस ते बिनपगारी, हौसेने सांभाळायचा. दमला होता. मदत करतो म्हणून एक जण आला, दोन-अडीच वर्षं गोड वागून विश्वास मिळवला आणि शेवटी आत चोरदरवाजा बसवला. तो पकडला गेला कसा? अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं. त्याने विचारलं, का? अर्धा सेकंद! आपण दोन मिनिटं फिरणाऱ्या चक्राकडे तीन आठवडे बघत बसलो आणि त्याला ‘सर्व्हर डाऊन’ हे नाव दिलं.

माझा मुद्दा हाच आहे. ‘सर्व्हर डाऊन’ हे कारण म्हणून घेणं बंद करा. रेशनच्या दुकानात, तलाठ्याकडे, दाखल्याच्या खिडकीत, बँकेत रोज हे दोन शब्द ऐकतो आपण आणि गुमान घरी जातो. ‘पाऊस पडला नाही’ म्हटल्यासारखं, जणू कुणाच्या हातातच नाही. हातात असतं. आवृत्ती कोणती, शेवटची कधी बदलली, बिघाडाची तक्रार सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांकडे नोंदवली का, हे विचारता येतं.

दुसरं म्हणजे पैसा. केंद्र सरकारने २०१५ मध्येच धोरण जाहीर केलंय की सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्या. चांगलं आहे. पण वापरायचं आणि दुरुस्तीचा भार दुसऱ्याने उचलायचा, हे गावच्या पाणवठ्याबाबत कुणी केलं तर आपण त्याला काय म्हणू? जर्मनीने २०२२ पासून सरकारी निधी उभा केला, त्याच्या सुरुवातीच्या यादीत वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर होतं. आपल्याकडे झिरोधाने २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. एका खासगी कंपनीला सुचतं. पेटी बदलण्याच्या बिलाचा दहावा हिस्सा त्या पोराला मेहनताना म्हणून द्यायचं मात्र आपल्या संचालक मंडळाला सुचलं नाही. शाल-श्रीफळ दिलं. शाल जूनमध्ये.

बरं, पेटी विकणाऱ्याचं काय? अशा बऱ्याच मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यात स्पष्ट अट असते, की बदल करून दुसऱ्याला द्याल तर मूळ मजकूर मागणाऱ्याला तोही द्या. या पेटीतलं सॉफ्टवेअर तशाच परवान्याचं आहे. पोराने ईमेलने मागितला. उत्तर नाही. संस्थेच्या लेटरहेडवर मागितला. उत्तर आलं, ‘हे आमचं गोपनीय उत्पादन आहे’. लोकांच्या वावरातून ऊस तोडून आणायचा आणि फडाला कुंपण घालायचं, यातला प्रकार.

मी या संस्थेचा सभासद आहे, शेअर दहाच असतील, पण आहे. पतसंस्था माहिती अधिकारात थेट येत नाही, म्हणून वार्षिक सभेत विचारणार. सभा सप्टेंबरअखेरच्या आत घ्यावीच लागते. प्रश्न आजच लेखी देऊन पोच घेतली आहे. दोन पेट्यांवर आणि केबलवर एकूण किती खर्च झाला? पुढच्या करारात आवृत्ती किती दिवसांत अद्ययावत करायची याची मुदत असेल का, आणि चुकवली तर दंड? मूळ मजकूर नाकारणाऱ्याकडूनच पुन्हा खरेदी करणार का? आणि ज्याने काम केलं त्याचं बिल कुठे आहे?

नगरपालिका आणि पंचायत समिती मात्र माहिती अधिकारात येतात. तिथेही असल्याच पेट्या आहेत, मी डोळ्यांनी पाहिल्यात, एकीवर तर धुळीत बोटाने कुणीतरी ‘जय हिंद’ लिहिलंय. सोमवारी अर्ज टाकतोय. तुमच्या सोसायटीत, शाळेत, बाजार समितीत अशा पेट्यांची बिलं कुणाकडे असतील तर इनबॉक्समध्ये पाठवा. पाठवणाऱ्याचं नाव बाहेर जाणार नाही. आणि ती चार कॉलमची बातमी मी खाली टाकतोय, पहिल्या कमेंटमध्ये, काहीही न खोडता.